वारा, सेकंदाला २८ मीटर

पोस्ट लांब आहे. दोन भागांत टाकणार होतो, पण दुसरा भाग कुणी वाचत नाही हे अनुभवानं कळलंय. म्हणून एकदमच टाकतोय. चहा घेऊन बसा.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, मी आइसलँडला जाऊन आलो. तोच देश, ज्याच्या ज्वालामुखीच्या राखेनं २०१० च्या एप्रिलमध्ये अर्ध्या युरोपची विमानं सहा दिवस जमिनीवर बसवली होती. तालुक्याच्या पत्रकाराला हे परवडलं कसं, असा प्रश्न इनबॉक्समध्ये यायच्या आत सांगून टाकतो : तिकीट धाकट्या बहिणीनं काढलं. ती आणि दाजी नेदरलँडला नोकरी करतात. "दादा, आयुष्यात एकदा तरी तालुक्याबाहेर पड," असं ती दहा वर्षं म्हणत होती. व्हिसाच्या फॉर्मवर मासिक उत्पन्नाचा रकाना भरताना मलाच माझी दया आली. खिडकीपलीकडच्या मुलीनं ती दाखवली नाही, एवढे तिचे उपकार.

आम्ही चौघं. बहीण, दाजी, अकरा वर्षांची भाची आणि मी. राहायला हॉटेल नाही, मोटरहोम. मोटरहोम म्हणजे काय, तर मालवाहू टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेलं वन रूम किचन. दोन बर्नरची शेगडी, फ्रीज, हीटर, चौघांना झोपायला जागा आणि एक संडास, ज्याची पेटी रोज सकाळी ठरलेल्या जागी आपल्याच हातानं ओतून यायची. ते काम मी मागून घेतलं. तिकिटाची तेवढीच फेड.

गाडी ताब्यात देणाऱ्या पोरानं शेगडी, पाणी, हीटर हे सगळं दहा मिनिटांत उरकलं आणि नंतर अर्धा तास फक्त वाऱ्यावर बोलला. दार उघडताना एक हात नाही, दोन्ही हात. गाडी उभी करायची ती वाऱ्याकडे तोंड करून. दार वाऱ्यानं मोडलं तर विमा मिळणार नाही, पैसे तुमचे. आणि वारा सेकंदाला १५ मीटरच्या वर असेल तर ही गाडी रस्त्यावर काढायची नाही. दाजींनी मान डोलावली. मी मनात म्हटलं, वाऱ्याचं काय एवढं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या बातम्या करत मी वीस वर्षं हिंडलोय. वारा मला नवा नाही.

दुसऱ्याच दिवशी एका धबधब्यापाशी मी एका हातानं दार उघडलं.

दार गेलं. म्हणजे बिजागरीवर राहिलं, पण उलट्या बाजूला जाऊन गाडीच्या अंगावर आपटलं आणि परत नीट मिटेना. पुढचे आठ दिवस ते आम्ही दोरीनं बांधून चालवलं. शेवटी अनामतीतून किती कापले तो आकडा बहिणीनं मला सांगितला नाही, मीही विचारला नाही.

आता तिथल्या जमिनीबद्दल. आपल्याकडं सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा झालाय तोच पाषाण तिथं पायाखाली आहे. बेसॉल्ट. फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्यांचा काही ठिकाणी महिना-दीड महिन्यापूर्वीचा. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा वरचा जवळजवळ सव्वा किलोमीटर नुसता हाच दगड लागला होता. थरावर थर, थरावर थर. तो कसा साठला असेल हे मला पुस्तकातून कधी नीट कळलं नव्हतं. तिथं खिडकीतून दिसत होतं. नांगरून टाकलेल्या काळ्या रानासारखा लाव्हा, मैलोन् मैल, आणि त्यावर वीतभर जाडीचं करडं-हिरवं शेवाळ. झाड औषधालाही नाही. मध्येच एखादं लाल पत्र्याचं घर, चार मेंढ्या, आणि परत काळं रान. समुद्राकडच्या बाजूला काळी वाळू. रेनिसफ्यारा नावाच्या किनाऱ्यावर कड्याला षटकोनी खांब आहेत, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत तसेच. त्या किनाऱ्याच्या वाटेवर एक दिवा आहे, लाटांच्या अंदाजाप्रमाणे पिवळा, केशरी, नाहीतर लाल. आम्ही पोचायच्या महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, नऊ वर्षांच्या एका मुलीला तिथल्या लाटेनं नेलं होतं. बहिणीनं भाचीचा हात तासभर सोडला नाही. भाची कंटाळली.

पुढचं गाव वीक. तिथलं चर्च टेकडीवर आहे. जवळच हिमनदीखाली काट्ला नावाचा ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ चा. तो परत फुटला तर बर्फ वितळून पूर येणार, म्हणून गावानं आधीच ठरवून ठेवलंय की सगळ्यांनी चर्चपाशी जमायचं, आणि त्याची रंगीत तालीमही गाव करतं. शंभर वर्षांत न आलेल्या पुराची तालीम! आमच्याकडं दर दोन वर्षांनी येणाऱ्या पुराची मी एकही तालीम कव्हर केलेली नाही. झालीच नाही, तर कव्हर काय करणार.

तिसऱ्या दिवशी आम्ही पूर्वेकडं निघालो. या देशाला वळसा घालणारा एकच मोठा रस्ता आहे, हायवे नंबर एक, सुमारे १,३२० किलोमीटरचा. बऱ्याच ठिकाणी दोनच पदरी, आणि काही पूल असे की समोरून गाडी आली तर एकानं थांबायचं. आदल्या रात्री फोनवर केशरी इशारा आला होता. मी हसलो. कारण पिवळा, केशरी, लाल हेच रंग आपल्या हवामान खात्याचेही आहेत, आणि 'जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट' हे शीर्षक मी झोपेतही देऊ शकतो. किती वेळा दिलंय त्याचा हिशोब नाही. दिलं की काम संपलं. जिल्हा केवढा, अलर्ट कुठल्या खोऱ्याला, वाचणाऱ्यानं नक्की काय करायचं, यातलं काहीही त्या बातमीत नसतं.

क्लाउस्तुर नावाच्या गावाच्या पुढं रस्त्याकडेला आकड्यांची पाटी लागली. ही पाटी रस्ते खात्याची. तिच्यावर पुढच्या टप्प्यावर या क्षणी वारा किती आणि झोत किती, हे असतं. वारा २१, झोत २८. सेकंदाला मीटर. भाचीनं मागच्या सीटवरून तोंडी हिशोब केला : "मामा, ताशी शंभर किलोमीटर."

दाजी म्हणाले, "बघू तर खरं. हळूहळू जाऊ."

मीही म्हटलं, चला. पुढं हिमनगांच्या तळ्यावरच्या बोटीचं बुकिंग होतं, पैसे भरलेले होते.

दहा-बारा किलोमीटर गेलो असू. डाव्या हाताला डोंगर संपला आणि उघडं माळ लागलं. त्यानंतर जे झालं ते सांगायला मला 'वारा' हा शब्द अपुरा वाटतो. कुणीतरी खांदा लावून ढकलावं तशी साडेतीन टनांची गाडी एका बाजूला सरकली. आपोआप. दाजींचं स्टिअरिंग सरळ होतं आणि आम्ही समोरच्या पदरात होतो. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून मी हे लिहितोय. मागं कपाटाचं दार उघडून पातेली खाली आली. वाळू काचेवर अशी वाजायला लागली, जशी कढईत मोहरी. दाजी एक शब्द बोलले नाहीत. रुंद जागा बघून त्यांनी गाडी वळवली, तेव्हा ती क्षणभर वाऱ्याला आडवी झाली. तो क्षण मला अजून झोपेत येतो. बहिणीनं डोळे मिटले होते. भाची मात्र टक्क बघत होती.

परत क्लाउस्तुर. कॅम्पसाइट चालवणाऱ्या बाई दारातच होत्या. आमचा अवतार बघून त्यांनी ओळखलं. ओरडल्या नाहीत. "उद्या नाही. परवा सकाळी. गाडी अशी लावा," म्हणाल्या, आणि स्वतः बाहेर येऊन गाडीचं तोंड कुठल्या दिशेला करायचं ते दाखवलं. त्यांचा मुलगा तिथल्या बचाव पथकात आहे. हे बचाव पथक म्हणजे सरकारी नोकर नव्हेत, गावोगावचे स्वयंसेवक. शेतकरी, सुतार, मास्तर. पथकांचा बराचसा खर्च निघतो नववर्षाला फटाके विकून. देशातले बरेच लोक त्यांच्याकडूनच फटाके घेतात. बाई म्हणाल्या, "काल रात्री तो दोन वेळा गेला. दोन्ही वेळा तुमच्यासारखी गाडी." एवढंच. 'तुमच्यासारखी' या शब्दावर जोर नव्हता, पण मला तो ऐकू आला.

तिथं आम्ही दोन दिवस बसून काढले. प्रवासवर्णनात हे दोन दिवस कुणी लिहीत नाही. पण मला आइसलँड कळला असेल तर त्या दोन दिवसांत.

हे गाव साधं नाही. १७८३ च्या जूनमध्ये याच्या वरच्या अंगाला जमीन पंचवीसेक किलोमीटर उसवली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. त्याला लाकीचा उद्रेक म्हणतात. सुमारे ५६५ चौरस किलोमीटर जमीन त्याखाली गेली. येताना आम्ही जे शेवाळाचं रान बघितलं ते हेच. लाव्ह्यानं माणसं फारशी मेली नाहीत. मेली ती विषारी वायूनं गवत नासलं, निम्म्याहून जास्त गुरं-मेंढ्या गेल्या आणि दुष्काळ पडला म्हणून. देशाची जवळजवळ एक पंचमांश माणसं गेली. आपल्याकडं तेव्हा सालबाईचा तह नुकताच होऊन गेला होता, महादजींचा काळ.

गावात तेव्हा योन स्टाइनग्रिमसन नावाचे पाद्री होते. लाव्हा गावावर येत असताना, २० जुलै १७८३ ला, त्यांनी चर्चमध्ये प्रार्थना घेतली आणि लाव्हा थांबला, अशी गोष्ट सांगतात. श्रद्धेचा भाग ज्यानं त्यानं ठरवावा. मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटली. हा माणूस रोज लिहीत होता. आज धूर कुठून आला, राख कशी पडली, लाव्हा कुठल्या शेतापर्यंत आला, कुठलं घर गेलं, गुरांच्या खुरांना काय झालं. तारखेसकट, जागेसकट. आजही ज्वालामुखीचे अभ्यासक त्यांचं लिखाण आधाराला घेतात. म्हणजे माझ्या हिशोबानं ते तालुका प्रतिनिधीच. आणि त्यांच्याबाबतीत पुढं जे झालं तेही ओळखीचं आहे. मदतीच्या पैशांची सीलबंद पेटी घेऊन ते गावाकडं येत होते. वाटेत माणसं उपाशी. त्यांनी सील फोडून पैसे वाटले. वरच्या साहेबांनी चौकशी लावली, दंड केला आणि जाहीर माफी मागायला लावली.

हे मी रात्री मोबाइलवर वाचत होतो. गाडी हलत होती, दोरीनं बांधलेलं दार कुरकुरत होतं. आणि मला एक फोन आठवला. तो मी गेली चार वर्षं विसरायचा प्रयत्न करतोय. इथं लिहावा का, यावर महिनाभर विचार केला. लिहितो.

२०२१ चा जुलै. आमच्या भागातली एक वाडी, नाव लिहीत नाही. तिथल्या एका माणसानं फोन केला. "साहेब, वरच्या अंगाला भेग गेलीय. पाय जाईल एवढी. झऱ्याचं पाणी गढूळ यायला लागलंय." मी म्हटलं, फोटो पाठव. त्यानं पाठवला. हिरवळीतली एक काळी रेघ. मी बातमी केली. त्या दिवशी एका नेत्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातींनी पान भरलं होतं, तरी सिंगल कॉलम चार ओळी लागल्या. शीर्षक : 'डोंगराला भेगा, ग्रामस्थांमध्ये भीतीचे वातावरण'. कात्रणाचा फोटो मी त्याला पाठवला. त्यानं हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. माझ्या दृष्टीनं विषय संपला.

अकराव्या दिवशी रात्री डोंगर आला. तीन घरं गेली. ज्यानं फोन केला होता त्याची आई त्यात गेली.

डेस्कला मी दोष देत नाही, त्यांनी जागा दिली होती. मी त्या चार ओळींत काय दिलं? भीतीचे वातावरण. भेग किती लांब, कुठल्या घरांच्या वर, पाणी कधीपासून गढूळ, कुणाला सांगितलं, त्यांनी काय उत्तर दिलं, पाऊस किती झाला तर कुणी कुठं जाऊन झोपायचं, यातलं एक अक्षर नाही. हे त्याला सगळं माहीत होतं. मी विचारलं नाही. वर चढून गेलो नाही. कचेरीत एक फोन केला नाही. ती पाटी एवढंच तर सांगत होती : या जागेवर, या वेळेला, २८. आणि तरीही आम्ही चार शहाणी माणसं पैसे भरलेत म्हणून पुढं गेलो. मग ज्याला नुसतं 'भीतीचे वातावरण' कळवलं, त्यानं काय करावं अशी माझी अपेक्षा होती?

सकाळी बहिणीला हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि चहा टाकला. काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी पाटीवर आकडा आला ७. आम्ही निघालो. माळ तोच, रस्ता तोच, आणि पानसुद्धा हलत नव्हतं; अर्थात हलायला पान नव्हतंच. पुढं स्केइदारारसांदुर नावाचं काळ्या वाळूचं मोठं मैदान आहे. हिमनदीच्या पोटातून फुटून येणाऱ्या पुरांनी आणलेली वाळू. इथंच १९७४ मध्ये शेवटचे पूल झाले आणि देशाचा वळसा पुरा झाला. तोवर या बाजूच्या गावांना राजधानीला जायला दुसऱ्या अंगानं सगळा देश फिरून जावं लागायचं. रस्त्याकडेला दोन लोखंडी गर्डर ठेवलेत, पिळलेले, दोरखंडाला पीळ द्यावा तसे. १९९६ च्या पुराची आठवण. त्या वर्षी ३० सप्टेंबरला बर्फाखाली उद्रेक सुरू झाला. पाणी बर्फाखाली साठत गेलं. पूर येणार हे शास्त्रज्ञांना माहीत होतं, कधी ते माहीत नव्हतं. तसं त्यांनी सांगितलंही. लोक एक दिवस थांबले, आठवडा थांबले, महिना झाला. ५ नोव्हेंबरला पूर आला. सेकंदाला ४५ हजार घनमीटरच्या वर पाणी, घराएवढे बर्फाचे तुकडे घेऊन. रस्ता गेला, पूल गेले. माणूस एकही गेला नाही. भाची त्या गर्डरवर चढून फोटो काढत होती आणि मी त्या मधल्या पाच आठवड्यांचा विचार करत होतो. आमच्याकडं चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणालं असतं, 'काही होत नाही, उगाच घाबरवतात.' कदाचित मीच छापलं असतं.

हिमनगांचं तळं, हिमनदी, समुद्रकिनारी पडलेले बर्फाचे स्फटिक, हे सगळं बघितलं. सुंदर आहे. तुम्ही रील्समध्ये माझ्यापेक्षा चांगलं बघितलंय. बोटीचे पैसे बुडाले. होफ्नपर्यंत जाऊन त्याच रस्त्यानं परत फिरलो.

परतीच्या विमानाआधी एक दिवस हातात होता. मी हट्टानं ग्रिंदाविकला नेलं. विमानतळापासून जवळच आहे. मासेमारीचं गाव, साडेतीन-चार हजार वस्तीचं. म्हणजे आमच्याकडची एक बरी ग्रामपंचायत.

१० नोव्हेंबर २०२३. दिवसभर भूकंपाचे धक्के. रात्री अकराच्या सुमारास गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. गावाच्या खालून तप्त रस सरकतोय, असं मोजणीवरून दिसलं होतं. काही तासांत सगळं गाव बाहेर. आणि मग? उद्रेक झालाच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानं नाही, नोव्हेंबर संपला तरी नाही. माणसं नातेवाइकांकडं, भाड्याच्या खोल्यांत, पोरं दुसऱ्यांच्या शाळेत. कुरकुर झालीच असणार, माणसंच ती. पहिला उद्रेक झाला १८ डिसेंबरला, तोही गावाबाहेर. गावात लाव्हा आला १४ जानेवारीला. तीन घरं जळाली. तिथंही तीनच. पण ती रिकामी होती.

सगळं छान-छान आहे असं नाही. त्या जानेवारीतच जमिनीतली भेग बुजवण्याचं काम करणारा एक माणूस त्याच भेगेत पडला आणि सापडला नाही. गाव म्हणून ग्रिंदाविक मोडलंच. सरकारनं कायदा करून लोकांची घरं विम्याच्या मूल्यांकनाच्या ९५ टक्के दरानं विकत घेतली, बहुतेकांनी दिली. आम्ही फिरलो तेव्हा कुंपणं घातलेल्या भेगा, पडदे लावलेली रिकामी घरं, एका अंगणात मुलांची घसरगुंडी. बंदर तेवढं चालू होतं. येताना आम्ही ज्या रस्त्यानं आलो तो लाव्ह्यावर नव्यानं बांधलेला. दोन्ही बाजूंना काळा ढीग, काही ठिकाणी अजून वाफ येत होती. मी खाली उतरून हात जवळ नेला. ऊब लागली. साडेसहा कोटी वर्षांनी यावर करवंदाची जाळी उगवेल, असं काहीतरी मी दाजींना म्हणालो. ते म्हणाले, "दोन्ही हातांनी दार लावा."

आता मला माहीत आहे, कमेंटमध्ये कोण काय म्हणणार. चार लाखांपेक्षा कमी लोकांचा श्रीमंत देश, आपली तुलना कशी होईल? बरोबर आहे. रस्त्यावर दर वीस किलोमीटरला वाऱ्याची पाटी लावा, असं मी म्हणतच नाही. पण आपल्याकडं माहिती नाही, हेही खरं नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं. १५१ माणसं. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही तेव्हा बाहेर कळलं. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशभरचे दरडप्रवण भागांचे नकाशे केले. ते त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, कुणीही बघावेत. २०२३ च्या जुलैत इरशाळवाडी गेली, तेव्हा सरकारनं विधिमंडळात सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव असणं म्हणजे नेमकं काय असणं, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. मी विचारला नाही. मी 'शोककळा' लिहीत होतो.

आल्यावर तो नकाशा मी उतरवून घेतला. नावं इंग्रजीत आहेत आणि प्रमाण असं, की वाडी म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढी. आमच्या तालुक्याचा तुकडा झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घेतला, वाड्यांची नावं हातानं मराठीत लिहिली. खाली पाच ओळी लिहिल्या : भेग दिसली, झरा गढूळ झाला, नवीन जागी पाणी फुटलं, झाडं-खांब कलले, दार-खिडक्या अचानक अडकायला लागल्या, तर थांबू नका, खाली या, आणि या नंबरवर कळवा. नंबर माझा. कचेरीचा टाकणार होतो, पण परवानगीचं पत्र अजून फिरतंय. चार वाड्यांच्या शाळेत लावून आलो. पाचव्या वाडीची शाळा पट कमी म्हणून बंद झालीय, तिथं पाण्याच्या टाकीला चिकटवला.

शेवटी त्या वाडीवर गेलो. तो माणूस आता खालच्या अंगाला पत्र्याच्या खोलीत राहतो. मला बघून उठला, "या साहेब," म्हणाला, बसायला खुर्ची दिली. मी आइसलँडला जाऊन आलो हे त्याला सांगितलं नाही. माफी मागायची होती, तीही नीट मागता आली नाही. म्हटलं, तेव्हा मी वर यायला हवं होतं. तो म्हणाला, "पाऊस लई होता तवा."

नकाशा त्यानं मांडीवर पसरून बराच वेळ बघितला. मग त्यात नसलेल्या एका जागेवर बोट ठेवलं. वरची धनगरवस्ती, सहा घरं. तिथल्या झऱ्याला यंदा भाद्रपदापासून लाल पाणी येतंय, म्हणाला.

या वेळी मी वर चढून गेलो. सव्वादोन तास लागले. भेग आहे. पावलांनी मोजली, बेचाळीस पावलं. खाली दोन घरं सरळ रेषेत आहेत, एकात बाळंतीण आहे. कचेरीत लेखी दिलंय, पोच घेतलीय, तिचा फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. बातमी आज रात्री पाठवतो. किती कॉलमची लागते बघू.